बिडाचा ग्रिल तवा, डाएटच्या चिकनसाठी एकदम बेस्ट
ह्यांना डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं म्हणून घेतला आणि खरं सांगते, रात्रीचं चिकन आता चमचाभर तेलात होतं. ब्रेस्ट पीस मधून चिरून पातळ करायचा, दही, आलं-लसूण, हळद, तिखट लावून अर्धा तास ठेवायचा, तवा चांगला तापला की ४-५ मिनिटं एक बाजू मग दुसरी, काळ्या रेघा काय मस्त उठतात आणि आतून रसरशीत राहतं. १०० ग्रॅम कच्च्या ब्रेस्टमध्ये २२-२३ ग्रॅम प्रोटीन असतं, सोबत काकडीची कोशिंबीर न एक भाकरी, पोट भरतं. तवा जड आहे, एका हाताने उचलत नाही. पहिल्यांदा चिकन चिकटलं होतं, तेल लावून २-३ वेळा तापवला तेव्हा सुटायला लागलं. पाण्यात भिजत ठेवू नका, गंजतो.