बिंगो, सायमन की गायब वस्तू? पहिली ते चौथीच्या इंग्रजीसाठी

पहिली ते चौथीला इंग्रजी खेळातून शिकवा, हे आता प्रत्येक शिक्षण परिषदेत ऐकायला मिळतं. कोणत्या खेळातून, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं. प्रोजेक्टर आणि टॅब इथं बाजूला ठेवतो. आमच्याकडे सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात वीज तासिकेचं वेळापत्रक बघून येत नाही. खडू, पाटी आणि घरातल्या वस्तूंवर भागणारे तीन खेळ मी आलटून पालटून घेत आलोय: बिंगो, ‘सायमन सेज’ आणि ट्रेमधली वस्तू गायब करण्याचा खेळ. 

सायमनपासून सुरुवात करतो, कारण त्याच्याबद्दल फारसं वाद घालण्यासारखं नाही. मास्तर ‘सायमन सेज’ म्हणून जे सांगेल तेवढंच करायचं; ते न म्हणता सांगितलेलं केलं की चुकलं. क्रियापदं शिकवायची तर याला तोड नाही. आधी ऐकायचं, अंगानं करायचं, बोलायचं ते सवडीनं, ही पद्धत जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात मांडली आणि लहान मुलांच्या बाबतीत ती पटतेच. पावसाळ्यात पोरं आळसावली की ‘जंप’, ‘टर्न अराउंड’, ‘टच युअर नोज’ एवढ्यावर वर्ग जागा होतो. फक्त मागच्या बाकावरचा पुढच्याचं बघून हात वर करतो, शब्द त्याला कळलेला नसतो. त्यावर उपाय सोपा आहे: डोळे मिटून खेळवा. कोण चाचपडतंय ते लगेच दिसतं. चुकलेल्याला बाद करायची पद्धत मी सोडून दिली. ज्याला सरावाची गरज जास्त, तोच सगळ्यात आधी भिंतीला टेकून बसायचा. आणि एका खोलीत दोन इयत्ता बसत असतील तर उड्या मारणारी पहिली आणि गणितं सोडवणारी तिसरी एकत्र नांदत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

आता बिंगो. खरं सांगायचं तर कागदावर हाच खेळ सगळ्यात बरा दिसतो. पट मोठा असला तरी चालतो, एकही मूल रिकामं बसत नाही, वर्ग शांत राहतो, आणि स्पेलिंग डोळ्यांखालून जातं ते वेगळंच. फळ्यावर वीसेक शब्द लिहायचे, मुलांनी त्यातले आवडीचे नऊ पाटीवर आखलेल्या चौकटीत उतरवायचे. आपण एकेक शब्द पुकारायचा, ज्याच्याकडे तो असेल त्यानं फुली मारायची, आणि ठरलेल्या फुल्या पूर्ण झाल्या की ‘बिंगो’ ओरडायचं. शब्द मात्र वीसच्या खाली आणू नका. बारा-तेराच ठेवले तर अर्धा वर्ग एकदमच ‘बिंगो’ ओरडतो.

माझं बिंगोशी बिनसलं ते तपासणीवरून. कुणीतरी ओरडतं, आपण त्याच्याकडे जातो आणि पाटी बघतो. ‘बेड’चा बी उलटा होऊन डी झालेला असतो. हे धरायचं की नाही? धरलं तर शेजारची म्हणते, ‘सर, त्याचं चुकलंय.’ नाही धरलं तर तो रडकुंडीला येतो. हा न्यायनिवाडा चालू असताना बाकीचे काय करतात? थुंकी लावून अंगठा पाटीवर फिरवतात. ‘हेन’ पुसलं जातं, तिथं आधीच पुकारलेलं ‘कप’ येतं, त्यावर फुलीही पडते. आपण मागं वळतो तर आणखी तिघं जिंकलेले! हे मी ओल्या अंगठ्याच्या ठशासकट बघितलंय. कोरी बाजू असलेल्या जुन्या कागदांवर पेननं लिहून घेतलं की ही लबाडी थांबते, पण तपासणीचा वेळ तेवढाच जातो. आणि त्या सगळ्या वेळात वर्गात बोललं जातं ते मराठीत, तेही भांडणाचं. पुकारताना इंग्रजी बोलतो तो एकटा मास्तर. मुलाच्या तोंडी तासभरात एकच शब्द येतो, ‘बिंगो’.

इतरांना हे एवढं खुपणार नाही कदाचित. ज्यांच्या वर्गात मुलं लिहायला सरावलेली आहेत, त्यांनी माझं ऐकून बिंगो सोडू नये.

तिसरा खेळ दिसायला अगदीच साधा. ट्रेमध्ये आठ-दहा वस्तू मांडायच्या, मुलांनी बघून घ्यायच्या, वरून कापड टाकायचं आणि खालून एक वस्तू काढून घ्यायची. ‘व्हॉट इज मिसिंग?’ ‘द स्पून इज मिसिंग!’ झालं. पण इथं तपासणी लागत नाही, कारण गायब केलेली वस्तू आपल्या हातातच असते. ती वर धरली की निकाल लागला. आणि उत्तर द्यायला तोंड उघडावंच लागतं, तेही अख्ख्या वाक्यात. आमच्या तालुक्यात पूर्वेकडे बरीच मुलं घरी कन्नड बोलतात आणि शाळेत मराठी. ‘याचा मराठी अर्थ सांग’ म्हटलं की त्यांना दोन उंबरे ओलांडावे लागतात. कुलूप समोर दिसत असेल तर त्याला थेट ‘लॉक’ म्हणता येतं, मधल्या भाषेत थांबायला लागत नाही.

वस्तू मुलांनाच आणायला सांगा. चमचा, किल्ली, कंगवा, लिंबू, बांगडी असं सगळं येतं. आमच्याकडे हळकुंड आणि बेदाणेही येतात. ‘टर्मरिक’ म्हणताना जीभ अडखळते, पण आपल्या रानातली वस्तू म्हणून पोरं ते नेटानं म्हणतात. बेदाण्याच्या वाटीचं मात्र सांभाळा. एकदा कापड उचललं तर वाटी जागेवर आणि बेदाणे गायब. ‘द रेझिन्स आर मिसिंग’ हे वर्गानं एकसुरात सांगितलं, तेही अनेकवचनात. मी ते शिकवलंच नव्हतं.

उणिवा आहेतच. उत्तर ठरावीक दोघा-तिघांचंच आधी येतं, म्हणून हात वर केलेल्यांना न विचारता चिठ्ठी काढावी. चाळीसच्या वर पट असेल तर मागच्यांना ट्रे दिसत नाही. तिथं गट पाडावे लागतात आणि तेवढे ट्रे जमवणं हा उद्योगच होतो. तशा वर्गाला बिंगो घ्या, पण कागद-पेनवर. क्रियापदांना सायमनच हवा, ‘रन’ काही ट्रेमध्ये ठेवता येत नाही.

राज्यात २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आलं. तरी चौथीतलं मूल सुटे शब्द भराभर वाचतं आणि एक वाक्य बोल म्हटलं की खाली बघतं, हे ज्यांना रोज दिसतं त्यांनी तिसऱ्या खेळाला महिनाभर देऊन बघावा. आठवड्याला दोन वस्तू काढा, दोन नव्या घाला. वाक्य पक्कं झालं की कापड टाकून वस्तू काढायचं काम एखाद्या मुलीकडे द्या, म्हणजे प्रश्नही तीच विचारेल. कापड मात्र जाड घ्या, टॉवेल उत्तम. ओढणीतून चमचा दिसतो.