राजदूत ३५०: एचटी का एलटी? आठ-नऊ महिने चालवल्यावर

समोर राजदूत ३५० या जुन्या टू-स्ट्रोक बाइकच्या दोन गाड्या होत्या, ८४ ची एचटी (हाय टॉर्क) आणि ८७ ची एलटी (लो टॉर्क), अन् मी एलटी उचलली म्हणून मित्रांनी येड्यात काढलं. कागदावर त्यांचं बरोबरच आहे म्हणा. एचटी ३०.५ बीएचपी, नंतर आलेली एलटी २७, मायलेजसाठी पोर्टिंग (सिलिंडरमधली गॅस आत-बाहेर जायची भोकं) अन् सायलेन्सर बदलून पॉवर कमी केलेली. पण भाऊ, चाळीस वर्षं जुन्या गाडीचं साल काय पाहता, बॅरल (सिलिंडरचा नळा) पाहा. त्या एचटीचे सायलेन्सर उतरवून आत टॉर्च मारला तर दोन्ही बॅरलच्या एक्झॉस्ट पोर्टची (धूर बाहेर जायच्या भोकाची) उंची वेगवेगळी, म्हणजे एक बॅरल दुसऱ्याच गाडीचा, अन् मालक पैसे मात्र अस्सल एचटीचे मागून राह्यला होता.

सिटीत २७ अन् ३०.५ मधला फरक फारसा लागतच नाही, वर्धा रोडवर मोकळं मिळालं तर वरच्या आरपीएमला थोडं कमी वाटते, बस. ब्रेकचं रडगाणं दोघींचं सारखंच. ही गाडी ज्यावरून बनली त्या जपानच्या यामाहा आरडी ३५० ला पुढे डिस्क, आपल्याकडे खर्च वाचवायला ड्रम दिला. मी ड्रम लेथवर मारून नवीन लायनर टाकले, आता थांबते, पण गाडीचा पिकअप पाहता कमीच आहे.

खरा त्रास क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) डाव्या-उजव्या सीलचा. मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला, सिग्नलवर अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी रेस खालीच येईना. डावं सील हवा ओढत होतं, मिक्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), तसंच दामटलं असतं तर पिस्टन जाम. उजवं गेलं तर गिअर ऑइल जळून पांढरा धूर निघतो, ते निदान दिसते तरी. हे एचटीलाही होते, त्यामुळं गाडी कोणतीही घ्या, सीलं आधी बदला. स्पार्कची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचे दोन सेट असतात, प्रत्येक सिलिंडरला एक, दोन्हीचं टायमिंग वेगवेगळं लावावं लागते, घाई करणाऱ्या मिस्त्रीला हात लावू देऊ नका. अन् स्पार्क बॅटरीवरच आहे, ती बसली की किका मारून पाय दुखतील फक्त.

जोडीचे बॅरल अन् बोअरला एखादा ओव्हरसाइज शिल्लक असलेली (म्हणजे बॅरल अजून एकदा घासून मोठा पिस्टन बसवता येईल अशी) एचटी मिळाली तर सोडू नका. नाहीतर एलटी घ्या, वाचलेले पैसे क्रँकला लागतातच. अन् टोकन द्यायच्या आधी चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, आरसीशी जुळला तरच पुढचं बोलणं.