हब की स्पोक? व्हरमाँटच्या खेड्यांतले दोन उपचार

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या द्रव्यांच्या, व्यसनावर दोन वाटा आहेत. 'हब' म्हणजे मेथाडोन हे ओढ शमवणारं औषध देणारं परवानाधारक केंद्र. 'स्पोक' म्हणजे गावातला नेहमीचा डॉक्टर. तो ब्युप्रेनॉर्फिन हे त्याच कामाचं दुसरं औषध लिहून देतो.

मेथाडोनसाठी सुरुवातीला जवळजवळ रोज केंद्र गाठावं लागतं. बर्फात गाडी अडकली की डोस हुकला. ब्युप्रेनॉर्फिन घरी नेता येतं, पण तिथे घाई नडते: अंगात फेंटानिल (फार तीव्र ओपिऑइड) असताना पहिली गोळी घेतली तर नशा तुटल्याचा त्रास एकदम उसळतो. जांभया, घाम, डोळ्यांच्या मोठ्या झालेल्या बाहुल्या ही नशा उतरल्याची चिन्हं दिसेपर्यंत थांबायचं. गोळी जिभेखाली विरघळवायची. गिळली तर बरीचशी वाया जाते.

लांबच्या गावांनी आधी स्पोकच धरावा; भागलं नाही तर हब. ओपिऑइडच्या अतिमात्रेवर उतारा असलेल्या नॅलोक्सोनचा 4 मिलिग्रॅमचा नाकात मारायचा स्प्रे मात्र दोन्हीकडे घरात हवाच.