हुकूमनामा विरोधात गेला: स्टे घ्यायचा की हप्ते मागायचे?

निकाल विरोधात लागलाय, रक्कम भरायचीय आणि एकरकमी भरण्याची ऐपत नाही. इथवर आलेल्या माणसाला वकील दोन वाटा दाखवतात. वर अपील करून स्टे, म्हणजे अंमलबजावणीला स्थगिती घ्या, नाहीतर त्याच कोर्टाकडून हप्ते बांधून घ्या. माझ्यावर ही वेळ येऊन गेलीय. हातउसन्या पैशांचा दावा होता. मुंबईच्या सिटी सिव्हिल कोर्टाने १४ लाखांचा हुकूमनामा, म्हणजे निकालाचा लेखी आदेश दिला, वर निकालापासून दरसाल ६ टक्के व्याज. मी वकील नाही. पुढचं सगळं एका हरलेल्या प्रतिवादीचं शहाणपण समजून वाचा.

अपील टाकलं की दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची कारवाई आपोआप थांबते, असं आमच्या गल्लीतले सगळे छातीठोकपणे सांगत होते. थांबत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ५ मध्ये तसं स्पष्टच म्हटलंय. स्टे वेगळा मागावा लागतो, विनाकारण उशीर न करता. तो न मिळाल्यास आपलं भारी नुकसान होईल हे पटवावं लागतं आणि सिक्युरिटी द्यावी लागते. शिवाय मिळालेला स्टे खालच्या कोर्टाला कळला की मगच लागू होतो. म्हणून आदेश झाल्या झाल्या निदान त्याचं ॲफिडेव्हिट घेऊन तरी धावायचं. हायकोर्ट आणि सिटी सिव्हिल कोर्ट दोन्ही ओव्हल मैदानाच्या एकाच अंगाला, त्यामुळे मुंबईकराची धाव तेवढी छोटी.

स्टेच्या बाजूने बोलायचं तर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. निकाल खरोखरच चुकला असेल, साक्षीपुराव्यातली एखादी मोठी गोष्ट न्यायाधीशांच्या नजरेतून सुटली असेल, तर हप्ते मागणं म्हणजे न केलेल्या चुकीचा दंड भरणं. हायकोर्टात अपिलाला ९० दिवस मिळतात आणि नकलेसाठी लागलेले दिवस त्यातून वजा होतात. अपिलाची मुदत संपायच्या आत खुद्द निकाल देणारं कोर्टही थोड्या वेळापुरता स्टे देऊ शकतं. मला सहा आठवडे मिळाले होते.

त्या सहा आठवड्यांत मी बँकेत गेलो, आणि माझा निर्णय तिथेच झाला म्हणायला हरकत नाही.

पैशांच्या हुकूमनाम्यात वरचं कोर्ट फुकटचा स्टे सहसा देत नाही. रक्कम कोर्टात भरा किंवा बँक गॅरंटी आणा. आमचे वकील म्हणाले, निम्मी तरी धरून चला, पूर्णही सांगतील. मला वाटलं गॅरंटी म्हणजे बँकेच्या लेटरहेडवरचा कागद. थोडं कमिशन दिलं की झालं. मॅनेजरबाईंनी शांतपणे विचारलं, "एफडी कितीची ठेवताय?" जेवढ्याची गॅरंटी तेवढ्याची एफडी, तीही त्यांच्याकडे अडकवलेली. माझ्याकडे एवढी एफडी असती तर मी कोर्टात कशाला उभा असतो? दुसरा मार्ग जामीनदाराचा. त्याला ऐपतीचा दाखला, घराचे कागद, सह्या. थोरल्या भावाला विचारलं. दादा लगेच हो म्हणाला, पण वहिनी चहाचे कप उचलून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पैसे कसेबसे जमवून कोर्टात भरले असते तरी खरी ठेच पुढेच होती. स्टेसाठी कोर्टात ठेवलेली रक्कम म्हणजे कर्जफेड नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच म्हणून ठेवलंय. आपल्या हातून पैसे गेलेले, समोरच्याचं देणं मात्र उभंच. १४ लाखांवर ६ टक्के म्हणजे वर्षाला ८४ हजार, महिन्याला सात हजार. अपील सुनावणीच्या यादीवर येऊन निकाली निघायला किती वर्षं लागतील ते कोणीच सांगू शकत नव्हतं. महिन्याच्या सात हजारांचा हिशेब मात्र मला तोंडपाठ झाला होता. उद्या अपील जिंकलो तर भरलेलं परत मिळतं हे खरं. पण माझी केस तेवढी भक्कम नव्हती, आणि हे मला माझ्या वकिलांच्या आधी ठाऊक होतं.

हप्त्यांची वाट आदेश २०, नियम ११ मधून जाते. निकाल देतानाच कोर्ट आपणहून हप्ते पाडू शकतं, म्हणून हरण्याची शक्यता दिसत असेल तर युक्तिवादातच ही विनंती करून ठेवावी. आम्ही नाही केली. निकालानंतर मात्र समोरच्याची संमती लागते आणि अर्जाला हुकूमनाम्यापासून फक्त ३० दिवस. इथे गोम आहे. सहा आठवड्यांचा स्टे हातात असला की माणूस निवांत होतो, आणि तेवढ्यात हे ३० दिवस उलटून जातात. मी अर्ज दिला तो २६व्या दिवशी.

संमती मिळवणं हीच या वाटेची चढण. समोरचे गृहस्थ माझ्यावर खार खाऊन होते. कोर्टाच्या व्हरांड्यात मी त्यांना एवढंच म्हटलं, "काका, मी अपिलात गेलो तर तुम्हीही अडकणार. दोन लाख आजच घ्या, उरलेले महिन्याला पन्नास हजारांप्रमाणे चोवीस महिन्यांत देतो." ते लगेच काही बोलले नाहीत. पुढच्या तारखेला त्यांच्या वकिलांनी अट घातली: हप्ते वेळेवर आले तर निकालानंतरचं व्याज सोडू, दोन चुकले तर सगळी बाकी व्याजासकट एकदम. मी सही केली. हप्ते भरता भरता अपीलही चालवता येतं असं कोणी सुचवेलही. पण मग समोरचा संमती कशाला देईल?

हे सगळं पैशांच्या हुकूमनाम्यापुरतं. जागा खाली करण्याचा निकाल असेल तर माझं ऐकू नका. तिथे हप्ते कसले बांधणार? आमच्या मेव्हण्यांचं गिरगावातलं पागडीचं दुकान, धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात हरले. तिथल्याच अपील बेंचकडून स्टे घेतला, आणि तो घेणंच बरोबर होतं. दुकान एकदा हातचं गेलं की पुढचं जिंकून काय करणार? मात्र ४८० रुपये भाडं भरणाऱ्या माणसाला महिन्याला १५ हजार भरायला सांगितलं. याचं मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालात आहे: स्टेच्या काळात जागा वापरायची तर बाजारभावाच्या आसपास मोबदला द्या. २००९ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात, ज्यात भाडेकरू खुद्द महाराष्ट्र शासन होतं, तेच कायम झालं. मेव्हणे दर महिन्याला भरतात, कुरकुरत का होईना.

हप्त्यांच्या वाटेला लागलात तर एक पथ्य पाळा. पैसे बँकेतूनच द्या आणि प्रत्येक हप्त्याची कोर्टात नोंद करून घ्या. बाहेरच्या बाहेर दिलेल्या पैशांची नोंद नसेल तर दरखास्त चालवणारं कोर्ट ते दिलेच नाहीत असं धरतं, आणि नोंदीच्या अर्जाला पैसे दिल्यापासून ३० दिवसच असतात. मी पहिले सोळा हप्ते व्यवस्थित नोंदवले. सतराव्याच्या वेळी घरात लग्न होतं, काकांना फोनवर "पोचले ना?" एवढंच विचारलं आणि विसरून गेलो. वकिलांच्या क्लार्कने हटकलं तेव्हा पुरसीसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, काकांची सही घ्यायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा शोधण्यात दहा मिनिटं घालवली. पुरसीस दाखल झाली तो २९वा दिवस होता.