सरकारी जमाखर्च वाचायचा क्लास : चार स्टार, पाचवा झेरॉक्समुळं कापला

सोलापुरात नवी पेठेत एका जुन्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर दोन रविवार बसून आलो, फी ५०० रुपये, विषय काय तर सरकारचा आणि महापालिकेचा हिशेब साध्या माणसानं कसा वाचायचा. बायको म्हणाली पैसे जास्त झालेत काय. क्लासचं नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत.

सर सीए आहेत, समजवायला लई भारी. पहिल्याच तासाला फळ्यावर दोन रकाने आखले, म्हणाले समजा ३० लाखाचा रस्ता फेब्रुवारीत झाला, ठेकेदारानं बिल टाकलं, पैसे मिळाले एप्रिलमध्ये. ३१ मार्चला पहिल्या रकान्यात खर्च शून्य, दुसऱ्यात खर्च ३० लाख आणि देणं बी ३० लाख. दुसरा रकाना म्हणजे ॲक्रुअल, काम झालं की खर्च आणि देणं धरायचं. पहिला रकाना म्हणजे कॅश बेसिस, पैसे गेले की मगच खर्च, केंद्राचा आणि राज्याचा हिशेब मुख्यतः अजून असाच चालतो. मला लगेच कळालं, कारण आमचं चादरीचं दुकान, दिवाळीत गल्ला भरलेला दिसतो आणि सूतवाल्याचं दोन महिन्याचं देणं वहीच्या मागच्या पानावर असतंय. गल्ला बघून पोरानं बाइक मागितली तेव्हा त्याला मी ते पान दाखवलं, गप बसला. सरकारचं मागचं पान आपल्याला कोण दाखवणार, सगळा क्लास ह्यावरच फिरतो बघा.

मग गसॅब आलं. हे कॅगनं, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकानं, २००२ साली नेमलेलं मंडळ, सरकारी हिशेबाची मानकं तयार करतं, आणि त्यातलं पहिलं मानक हमीचं. साखर कारखान्यानं कर्ज काढलं आणि सरकार जामीन राहिलं तर त्या दिवशी तिजोरीतनं रुपया जात नाही, म्हणून खर्चात काही दिसत नाही, पण कारखाना बसला की बँक सरकारच्या दारात. म्हणून हमी किती दिली, किती भरायची वेळ आली हे हिशेबाला जोडून सांगायचं. वर्गात दोघंतिघं ऊसवाले होते, एकदम शांतता.

दुसरा रविवार महापालिकेचा. शहरांसाठी केंद्रानं २००४ ला हिशेबाचं मॅन्युअल काढलं, त्यात दुसरा रकानाच धरलाय, ताळेबंद, मालमत्ता, देणी सगळं. मला वाटलं मग झालं की काम! तर सरांनी घरपट्टी काढली. बिल पाठवलं की उत्पन्न धरायचं, वसूल होवो न होवो, आणि जुन्या थकबाकीपोटी तरतूद केली नाही तर कागदावर श्रीमंती. आमच्यात त्याला बुडीत उधारी म्हणतात, तिच्या जिवावर घर बांधायला काढत नाही बे कुणी.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. आपल्याकडं २०२२ ला महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली, मग प्रशासक, म्हणजे बजेट मांडणारा बी तोच आणि मंजूर करणारा बी तोच, मधी विचारणारा कुणी नाही. मतदान झालं थेट २०२६ च्या जानेवारीत. तेव्हा दारात आलेल्या प्रत्येकाला मी नळाला पाणी कधी एवढंच विचारलं, ठेकेदारांची देणी किती हे डोक्यातच नव्हतं. क्लास आधी केला असता तर एकेकाला ताळेबंद काढायला लावला असता.

आता तक्रारी. नोट्सची झेरॉक्स इतकी पुसट की आकडे चष्मा लावून बी लागत नाहीत, आणि हिशेबाच्या क्लासला आकडेच दिसत नाहीत म्हणजे काय बोलायचं. नोट्स सगळ्या इंग्रजीत. ग्रामपंचायतीचा हिशेब मोहोळकडच्या एकानं दोनदा विचारला, दोन्ही वेळा पुढच्या बॅचला म्हणून टोलवला. चहा एकदाच, पण चांगला होता.

जाणार असाल तर दहा सांगतात, साडेदहाला जावा, आणि पंख्याखालची खुर्ची धरा, दुसरा पंखा नुसता आवाज करतो.