मालदीवची गेस्टहाउसं: सोय चांगली, कराची रचना उलटी

मालदीवमध्ये बराच काळ 'एक बेट, एक रिसॉर्ट' हेच धोरण होतं. पाहुणे एका बेटावर, गावकरी दुसऱ्या. 2009-10 च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसना मोकळीक मिळाली आणि पर्यटनाचा पैसा थेट गावात येऊ लागला. माफुशीसारख्या बेटाचं रूपच त्याने पालटलं. या एका कारणासाठीही गेस्टहाउस निवडावं.

मात्र बुकिंग करताना दिसणारा दर शेवटचा समजू नका. खोली 100 डॉलरची असेल तर 10 टक्के सेवाशुल्क धरून 110 होतात. त्या 110 वर 17 टक्के पर्यटन जीएसटी (जुलै 2025 पासून), म्हणजे 128.70. वर हरित कर, म्हणजे पर्यावरणासाठी पर्यटकांकडून घेतला जाणारा कर, माणशी, दर रात्री 6 डॉलर, दोघांचे 12. एकूण 140.70. हरित कर अनेकदा खोली सोडताना वेगळा मागतात, त्यामुळे सगळे कर धरून किती होतात ते आधीच लेखी विचारून घ्या.

धोरण चुकतं ते इथेच. रिसॉर्टला हरित कर 12 डॉलर, म्हणजे दुप्पट; दिसायला न्याय्य. पण 1,000 डॉलरच्या व्हिलात दोघांचे 24 डॉलर म्हणजे अडीच टक्केही नाहीत, आणि 100 डॉलरच्या खोलीवर तोच कर 12 टक्के पडतो. ठरावीक रकमेऐवजी दराच्या टक्केवारीने आकारला, तर गावातल्या छोट्या व्यावसायिकावरचा भार खरोखर हलका होईल.

बेटावर नेणाऱ्या बोटीचं वेळापत्रक आधी, विमानाचं तिकीट नंतर. सरकारी फेरीबोट स्वस्त, पण फेऱ्या मोजक्या आणि शुक्रवारी सहसा बंद. स्पीडबोट महाग, आणि तीही रात्री उशिरा मिळत नाही. उशिरा उतरणार असाल तर पहिली रात्र विमानतळाजवळच्या हुलुमाले बेटावर काढा. येण्याआधीच्या 96 तासांत 'इमुगा' या मालदीवच्या सरकारी संकेतस्थळावरचा प्रवासी अर्ज भरा. व्हिसा विमानतळावर मोफत मिळतो.

वस्तीच्या बेटांवर दारू मिळत नाही. बिकिनी फक्त त्यासाठी राखलेल्या किनाऱ्यावर चालते, आणि तो किनारा काही बेटांवर अगदीच चिंचोळा असतो. गेस्टहाउसकडून त्याचे ताजे फोटो मागवा.

पाणी आणि कचरा हा सगळ्यात अवघड भाग. गोडं पाणी बहुतेक समुद्राचं पाणी शुद्ध करून मिळतं, त्याला डिझेल जळतं. देशाची लोकसंख्या सुमारे सव्वापाच लाख आणि 2024 मध्ये पर्यटक आले 20 लाखांवर, त्यामुळे लहान बेटांच्या कचराव्यवस्थेवर ताण येतोच. बाटलीबंद पाण्याऐवजी भरून घ्यायची सोय असलेलं गेस्टहाउस निवडा, आणि वापरलेल्या बॅटऱ्या, रिकाम्या ट्यूब परत घेऊन जा.