थीम पार्कचा सीझन डायनिंग प्लॅन : एक अख्खा सीझन वापरल्यावर

निकाल आधीच सांगते, कारण पुढचं सगळं वाचायला प्रत्येकाला वेळ नसतो. घरात मिसरूड फुटायच्या वयाचं, चिकन खाणारं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मित्रांबरोबर पार्कात पडीक असणारं पोरगं असेल, तर त्याच्या एकट्यासाठी हा प्लॅन (एकदाच पैसे भरून सीझनभर पार्कात जेवण) घ्या. शाकाहारी माणसासाठी घेऊ नका. 'सगळ्यांचाच काढू या, एकदाचं काम झालं' असं तर अजिबात करू नका.

आता सविस्तर. आम्ही अमेरिकेत मिडवेस्टमध्ये राहतो आणि पार्क गाडीने अर्ध्या तासावर आहे. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथल्या बऱ्याच पार्कांमध्ये असे प्लॅन असतात आणि थोड्याफार फरकाने गणित सारखंच असतं, त्यामुळे नावाने काही अडत नाही. सीझन पास चौघांचे होते. डायनिंग प्लॅन मात्र दोघांचाच घेतला, नवऱ्याचा आणि मुलाचा. मी आणि मुलगी प्लॅनशिवाय. म्हणजे एकाच घरात दोन्ही बाजू बघायला मिळाल्या.

आमच्याकडचा प्लॅन असा : वसंतात एकदाच माणशी साधारण 120 डॉलर भरायचे. पासच्या बारकोडलाच तो जोडला जातो. मग सीझन संपेपर्यंत पार्कात जाल त्या प्रत्येक दिवशी दोन जेवणं. एक जेवण म्हणजे एक मुख्य पदार्थ आणि सोबत एक साइड, म्हणजे बहुतेक वेळा फ्राइजच. पेय त्यात नाही. सगळ्या दुकानांतही चालत नाही, ज्यांच्या मेन्यूबोर्डावर खूण असते तिथेच. आणि दोन जेवणांमध्ये चार तासांचं अंतर लागतं.

विकत घेताना हे शेवटचं वाक्य सगळे वाचतात आणि कोणी मनावर घेत नाही. खरं तर सगळा प्लॅन याच चार तासांवर उभा आहे. नवरा ऑफिसमधून सुटून संध्याकाळी साडेपाचला पार्कात पोचतो. लगेच खाल्लं तर पुढचं जेवण साडेनऊला, आणि निम्मी दुकानं त्याआधीच शटर ओढतात. म्हणजे कागदावर दोन जेवणं, हातात एकच. शनिवारी दिवसभर गेलो तरी दीड वाजता भूक लागली म्हणून दीडला खाल्लं की दुसऱ्याची पाळी साडेपाचनंतर. मुलाने यावर आपला उपाय काढला. साडेअकराला दुकान उघडताच, भूक असो वा नसो, पहिलं जेवण घ्यायचं, म्हणजे साडेतीनला दुसरं मिळतं आणि रांगही दोन्ही वेळा छोटी. पंधरा वर्षांच्या पोटाला हे जमतं. चाळिशीच्या पुढच्या माणसाने साडेअकराला चिकन टेंडर (चिकनचे तळलेले लांबट तुकडे) आणि साडेतीनला बर्गर खाऊन रोलर कोस्टरवर बसू नये, एवढंच म्हणेन.

पैशांचं गणित. आत एक जेवण टॅक्स धरून 18-19 डॉलरला पडतं. म्हणजे सात जेवणांत प्लॅन वसूल, असं जाहिरातीत लिहितात आणि ते भागाकार म्हणून बरोबरच आहे. पण तुलना कशाशी करायची? प्लॅन नसता तर मी त्या सातही वेळा 19 डॉलर मोजले असते का? मुळीच नाही. आमच्या गाडीत कूलर असतो. त्यात बटाट्याच्या भाजीचे पोळीचे रोल, तिखटामिठाच्या पुऱ्या, थर्मासमध्ये ताक. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण हातावर शिक्का मारून बाहेर येता येतं आणि पार्किंगच्या कडेला झाडाखाली बाकं टाकलेली आहेत. चौघांचं जेवण पाच-सहा डॉलरच्या सामानात होतं. अर्थात तंगडतोड आहे. बाहेर जाणं, खाणं, परत सुरक्षेची रांग, यात तास सहज जातो. तो तास तुम्हाला महाग वाटतो की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मला आणि लेकीला तो आवडतो. त्या गोंगाटातून थोडा वेळ सुटका होते.

तर माझ्यासाठी वाचणारी रक्कम 19 डॉलर नाही, दीड डॉलर आणि थोडी पायपीट एवढीच. याउलट मुलगा मित्रांना सोडून पार्किंगमध्ये पुऱ्या खायला येणार नाही, हे त्रिवार सत्य. प्लॅन नसता तर त्याने माझ्या कार्डावर 19 डॉलर उडवले असते, वर भूक लागली म्हणून प्रेटझेलचे आणखी. त्याच्या बाबतीत बचत खरी आहे. जूनच्या शेवटीच त्याचे पैसे वसूल झाले आणि जुलैपासून तो पार्काच्या जिवावर जेवला.

या निमित्ताने घरातली एक कटकटही थांबली. पार्कात जाताना "किती पैसे देऊ", परत आल्यावर "कशावर खर्च केलेस" हा रोजचा संवाद बंद झाला. खरं सांगायचं तर प्लॅनची मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. जाहिरातीत मात्र हे कुठे लिहीत नाहीत.

आता शाकाहाराबद्दल, कारण याविषयी इंग्रजीत कोणी धड लिहीत नाही. आमच्या पार्कात प्लॅनवर मिळणारे शाकाहारी पदार्थ : चीज पिझ्झा, मॅक अँड चीज (चीजमधली मॅकरोनी), चिकन काढून घेतलेलं सॅलड, आणि पार्कच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका दुकानात व्हेजी बर्गर. बस. पहिल्यांदा पिझ्झा छान लागतो. तिसऱ्या वेळी नकोसा होतो. फ्राइज शाकाहारी धरून चालू नका. आमच्याकडे फ्राइज चिकन टेंडरच्याच तेलात तळतात, काउंटरवरच्या मुलीने विचारल्यावर सरळ सांगितलं. व्हेजी बर्गरही त्याच तव्यावर. मेक्सिकन दुकानातल्या घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते, तेव्हा तिथेही विचारूनच घ्या. अंडं चालतं पण एवढं नाही चालत, अशी आपल्याकडे जी अनेक माणसं असतात, त्यांची यादी दोन पदार्थांवर येऊन थांबते. आणि पिझ्झाचा तुकडा घ्या नाहीतर चिकनचं भरगच्च ताट, प्लॅनमध्ये दोन्ही 'एक जेवण'च. म्हणजे शाकाहारी माणूस तेवढेच पैसे भरून कमी खातो.

यात श्रावणाची भर. 2025 मध्ये श्रावण 25 जुलैला लागला आणि 22-23 ऑगस्टपर्यंत होता. इथल्या पार्कांचा ऐन मोसमही नेमका तोच. शाळांना सुट्टी, पार्क रात्री उशिरापर्यंत उघडं, हवा बरी. नवरा एरवी सगळं खातो पण श्रावण पाळतो. त्यामुळे त्याच्या प्लॅनचे सगळ्यात उपयोगाचे चार आठवडे मॅक अँड चीजवर गेले. वसूल झाला का? झाला, जेमतेम, तोही ऑक्टोबरात. चातुर्मास पाळणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये. अमेरिकन पार्काचं कॅलेंडर आणि आपलं पंचांग यांचं या बाबतीत अजिबात पटत नाही.

सासूबाई त्या उन्हाळ्यात सांगलीहून आल्या होत्या. आषाढी एकादशी 6 जुलैला होती, रविवार, चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, जोडून आलेल्या सुट्टीतला. मुलांना तेव्हाच जायचं होतं. सासूबाईंनी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा पर्समध्येच ठेवला. गेटवर पर्स उघडायला लावली तेव्हा मी सांगितलं की धार्मिक उपास आहे, यांना आत दुसरं काही चालत नाही. डब्यात डोकावून बघितलं आणि जाऊ दिलं. आहाराच्या अडचणीसाठी थोडं अन्न नेऊ देणं बऱ्याच पार्कांच्या नियमात बसतं, मात्र गेटवर न लपवता सांगावं लागतं. पाहुण्यांसाठी प्लॅन घ्यायचा विचार असेल तर त्याऐवजी हे लक्षात ठेवा.

पेयांचं वेगळंच प्रकरण. प्लॅनमध्ये नसल्यामुळे जेवण 'फुकट' आणि कोक पाच-सहा डॉलरचा, असा विनोद होतो. सीझनभर भरून मिळणारी बाटली वेगळी विकत मिळते. ती मात्र घ्या, चौघांत एक पुरते, उन्हात तिची किंमत कळते. नुसतं बर्फाचं पाणी हवं असेल तर काउंटरवर मागा, आमच्याकडे कपभर फुकट देतात, पण मागितल्याशिवाय नाही. सगळीकडे असंच असतं असंही नाही. इंडियानातल्या सँटा क्लॉज गावच्या हॉलिडे वर्ल्डमध्ये 2000 सालापासून सॉफ्ट ड्रिंक फुकट आहेत, पार्किंगही फुकट. पेनसिल्व्हेनियातल्या कनोबेल्स पार्कला तर प्रवेशालाच तिकीट नाही, राइडपुरते पैसे. अशा ठिकाणी जाणाऱ्यांना माझं हे सगळं पुराण लागू नाही.

सीझन 'एप्रिल ते ऑक्टोबर' असा सांगतात तो आकडा फुगवलेला समजा. एप्रिल-मेमध्ये शनिवार-रविवारच उघडं, त्यात पाऊस. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे झाला की पुन्हा फक्त शनिवार-रविवार. आणि आपले शनिवार-रविवार तेव्हा रिकामे असतात का? गणपती, मंडळाचा कार्यक्रम, रविवारी मराठी शाळा. हॅलोविनच्या रात्री गेलो तर माणूस माणसाला लागलेलं, आणि निम्मी दुकानं बंद असल्यामुळे उघड्या दुकानापुढे पाऊण तास रांग. प्लॅनचं खरं आयुष्य जून, जुलै आणि अर्धा ऑगस्ट एवढंच. याच काळात तुम्ही भारतात जाणार असाल, आणि आपल्यातले निम्मे लोक तेव्हाच जातात, तर विषयच मिटला.

पुण्याहून भावंडं, मैत्रिणी विचारतात, "ओरलँडोला डिस्नीचा डायनिंग प्लॅन घेऊ का?" तो प्रकार निराळा आहे, दोन्हींची गल्लत करू नका. 2020 मध्ये बंद झालेला तो प्लॅन 9 जानेवारी 2024 पासून पुन्हा सुरू झाला. तो डिस्नीच्या हॉटेलात पॅकेज घेऊन राहणाऱ्यांनाच मिळतो आणि दिवसांवर नाही, रात्रींवर मोजतात. साध्या प्रकारात रात्रीमागे दोन काउंटरवरची जेवणं आणि एक स्नॅक, वरच्या प्रकारात एक काउंटरवरचं, एक टेबलावर बसून, आणि एक स्नॅक. सुरू झाला तेव्हा मोठ्या माणसाला रात्रीमागे 57.01 आणि 94.28 डॉलर असे दर होते. टिप वेगळी. खोलीतल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांनी तो घ्यावा लागतो, म्हणजे आमच्यासारखं 'दोघांचाच' करता येत नाही. उरलेली जेवणं निघायच्या दिवशी मध्यरात्री संपतात, मग लोक शेवटच्या संध्याकाळी पिशवीभर बिस्किटं आणि चॉकलेटं घेत फिरताना दिसतात.

आणि मुख्य म्हणजे तिथे घरचं खाणं आत नेता येतं. काचेची भांडी आणि दारू सोडून. ठेपले, चिवडा, दशम्या घेऊन खुशाल जा, बर्फाचं पाणी काउंटरवर फुकट मागा. शाकाहारी माणसाला स्वयंपाकघराशी बोलून हवं तसं करूनही देतात. तेव्हा डिस्नीत राजकुमारी किंवा मिकी टेबलापाशी येतात तसली महागडी जेवणं रोज करायची असतील तरच वरच्या प्लॅनचं गणित जुळतं. नाहीतर त्याच पैशात सुट्टं खाऊन, डबा धरून, आरामात भागतं.

पुन्हा आमच्या पार्काकडे. बारीक तक्रारी दोन. दुकानातलं स्कॅनर बंद पडलं की 'दुसऱ्या दुकानात जा' एवढंच उत्तर, आणि दुसरं दुकान दहा मिनिटं चालत. दुसरी तक्रार जरा मोठी : हप्त्याने पैसे भरले तर वर्ष संपल्यावर प्लॅन आपोआप पुढे चालू राहतो. ते बंद करायचं बटण ॲपमध्ये सापडेना, शेवटी फोनवर ताटकळत बसून बंद करून घेतलं. एकरकमी भरलेले बरे.

शरद ऋतूत पुढच्या वर्षीचे पास स्वस्तात निघतात आणि त्यावर उरलेला चालू सीझनही मिळतो. आम्ही तेव्हाच घेतले. डायनिंग प्लॅन फक्त मुलाचा. नवऱ्यासाठी पेयाची बाटली, आणि कूलरला नवीन बर्फाच्या पिशव्या. लेकीला यंदा विचारलं, तुझाही काढू का? म्हणाली, "नको, आजी येणार आहे ना परत?"